हाताचा डाग जाईल, मांगरातल्या थिमेटला मात्र हात लावू नका

सप्रेम नमस्कार,
सात वर्षं पुण्यात काढून आम्ही यंदा मे महिन्यात कणकवलीजवळच्या आमच्या गावी कायमचे राहायला आलो. घर जुनं, चिऱ्याचं, मागे माड-पोफळीची बाग. पाऊस सुरू झाल्यापासून घरात पैसे, म्हणजे ते हात लावला की गुंडाळी करणारे पुष्कळ पायांचे किडे (मिलिपीड), निघताहेत. न्हाणीत, पडवीत, एकदा तर अंथरुणावर. लहानसहान नव्हेत, काळेकुळकुळीत, तांबड्या पायांचे, वीतभर लांब! गेल्या आठवड्यात माझ्या साडेतीन वर्षांच्या मुलाने त्यातला एक मुठीत धरला. मूठ सोडवली तर तळव्याला पिवळट ओल आणि आयोडीनसारखा वास. साबणाने हात धुतला, पण संध्याकाळपर्यंत तळवा आणि दोन बोटं तपकिरी-जांभळी झाली. दुखत नाही, सूज नाही, पण रंग काही जात नाही. शेजारच्या काकी म्हणतात, "पैसो डोळ्यात मुतलो तर माणूस आंधळो होतलो." सासरे म्हणतात, मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत, थिमेट या कीटकनाशकाची जुनी पिशवी आहे, घराभोवती टाकू, एका रात्रीत सगळे मरतील. मिस्टर म्हणतात, काही होत नाही, आम्ही यांच्यातच वाढलो. आणि पुण्याचा भाचा म्हणतो, आफ्रिकेतला फूटभर लांब पैसा पाळायला मिळतो म्हणे, मामी, तुझ्यासाठी पण मागवू का? खरंच विषारी असतात का हे? बागेचं काही नुकसान करतील का? आणि कोंबड्यांनी खाल्ले तर?
– काळजीत पडलेली आई

ताई,

सासऱ्यांना आजच्या आज थांबवा. बाकीचं सावकाश बोलू.

थिमेट म्हणजे फोरेट. हे ऑर्गनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत सगळ्यात घातक गटात बसतं. भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर बंदी आहे. एके काळी केळीला, भाताला ते सर्रास टाकलं जायचं, त्यामुळे गावोगावच्या मांगरांत उरलीसुरली पिशवी असतेच, आणि ज्यांनी ते वर्षानुवर्षं हाताळलं त्यांना त्याची भीतीही उरलेली नसते. पण ते पोटात गेलं तरच बाधतं असं नाही, कातडीतूनही अंगात शिरतं. तुमचा मुलगा साडेतीन वर्षांचा. अंगणात अनवाणी फिरणार, मातीत हात घालणार, तोच हात तोंडात घालणार. कोंबड्यांना तर तो दाणाच वाटेल. वर कोकणातला पाऊस. पागोळ्यांच्या पाण्याबरोबर ते विहिरीकडे जायला कितीसा वेळ लागतो?

पिशवी उघड्या हाताने उचलू नका. फाटकी असेल तर जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून बांधा आणि मूल पोहोचणार नाही अशा जागी कुलपात ठेवा. जाळू नका, पुरू नका, वहाळात सोडू नका. तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारा, काय करायचं ते सांगतील. आणि कुणाच्या अंगावर किंवा पोटात ते गेलं, तोंडाला लाळ सुटली, दरदरून घाम आला, उलट्या झाल्या, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या, धाप लागली, तर घरचे उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा आणि पिशवीवरचं नाव सांगा.

पैशाने माणूस दगावल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. अशा कीटकनाशकांनी मात्र आपल्या राज्यात किती घरं उजाडली ते वेगळं सांगायला नको. त्यामुळे तुमच्या घरात घाबरायचंच असेल, तर मांगराच्या दिशेने घाबरा.

आता मुलाचा हात.

पैसा चावत नाही. त्याला विषाचे दात नाहीत, नांगी नाही, डंख नाही. त्याचे जबडे कुजलेलं पान कुरतडायला बनलेत, माणसाची कातडी त्यांच्याने फुटत नाही. मग तो स्वतःला वाचवतो कसा? पुढच्या वेळी न्हाणीत दिसला की चिमणीसारखं पळू नका, हिराच्या काडीने त्याला हलकेच टोचा आणि दोन मिनिटं नीट बघा. आधी तो गुंडाळी करतो, डोकं मधोमध दडवून. पुन्हा टोचलंत तर अंगाच्या दोन्ही बाजूंना, जवळजवळ प्रत्येक कड्यावर एकेक, असे पिवळसर थेंब ओळीने उभे राहतात. कड्याच्या कुशीत सुईच्या टोकाएवढं भोक असतं, त्याच्यामागे ग्रंथी. थेंब हवेत थोडा वेळ राहिला की तपकिरी पडू लागतो, आणि तुम्हाला आला तो आयोडीनसारखा उग्र वास येतो.

या थेंबांत बेन्झोक्विनोन नावाची रसायनं असतात. मुंगी, सरडा, पक्षी यांच्या तोंडात ती गेली की ते पैशाला थुंकून टाकतात, एवढ्यासाठीच हा खटाटोप. आपल्या कातडीवर पडली तर ती वरच्या थरातल्या प्रथिनांना चिकटून बसतात आणि रंग धरतात. मेंदीचा रंग ज्याच्यामुळे चढतो ते लॉसोनही याच क्विनोन कुळातलं. दोन्ही रंग धुऊन जात नाहीत ते एकाच कारणाने: रंग कातडीवर बसलेला नसतो, कातडीचाच झालेला असतो. म्हणून तुमचा साबण फुकट गेला. साबणाने धुतलंत ते योग्यच केलंत, वरचं उरलेलं रसायन त्याने निघून गेलं. पण जे चिकटलं ते वरची कातडी झडेल तसतसंच जाणार. काही आठवडे धरून चला. तळव्याची कातडी जाड, त्यामुळे कधी महिन्या-दोन महिन्यांवरही जातं.

तोवर त्या हातावर प्रयोग करू नका, ही हात जोडून विनंती. लिंबू, खायचा सोडा, घासणी, दगड, ब्लीच यांतलं काहीच नको. पैशाचा द्रव लागल्या लागल्या स्पिरिटच्या बोळ्याने पुसला तर थोडाफार निघतो असं सांगतात, पण आता आठवड्यानंतर त्याचा काहीही उपयोग नाही, उलट लेकराची कातडी सोलवटेल. साधं खोबरेल लावा आणि विसरून जा. मूल अंगठा चोखत असेल तर पुढच्या वेळी तेवढी काळजी घ्या, कारण ओला द्रव तोंडात गेला तर जीभ आणि ओठ चुरचुरतात. तसं झालंच तर खळखळून चुळा भरायला लावायच्या, पाणी प्यायला द्यायचं. तोंडात फोड आले किंवा गिळायला त्रास व्हायला लागला तर डॉक्टर.

हातावर फोड आले, कातडी लाल होऊन सुजली, चिघळली, तरीही डॉक्टरांकडे जा. काही जणांची कातडी या रसायनांना जास्त चिडते. आणि जाल तेव्हा पहिल्याच वाक्यात सांगा, "पैसा धरला होता." हे सांगण्याला मोठी किंमत आहे. बुटात दडून बसलेला पैसा पायाखाली चिरडला जातो, मोज्यातून द्रव झिरपतो आणि संध्याकाळी बूट काढल्यावर बोटं काळीनिळी दिसतात. असे रुग्ण रक्तपुरवठा बंद पडला या समजुतीने दवाखान्यात नेले गेल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. एखाद्या मुलाच्या अंगावरचे डाग पाहून डॉक्टरांना मारहाणीचा संशय आल्याचीही उदाहरणं आहेत. घरच्या घरी फरक ओळखायचा असेल तर बोटाचं नख दाबून सोडा. दाबल्यावर पांढरं पडून सोडल्यावर लगेच पुन्हा गुलाबी होत असेल, बोट उबदार असेल, दुखत नसेल, तर तो नुसता डाग. बोट गार पडलंय, बधिर आहे किंवा ठणकतंय, तर मात्र डाग म्हणून घरी थांबू नका.

आता काकींचं म्हणणं. त्यांना हसू नका, कारण त्या अर्ध्या बरोबर आहेत. पैसा मुतत नाही, तो हाच द्रव. तो डोळ्यात गेला तर भयंकर आग होते, पाणी वाहतं, डोळा लालभडक होऊन पापण्या सुजतात, आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला जखमही होऊ शकते. उष्ण प्रदेशातल्या काही मोठ्या जातींचे पैसे तर हा द्रव नुसता पाझरत नाहीत, पिचकारीसारखा दूरवर उडवतात. कॅरिबियन बेटांवरचे असे पैसे त्यासाठी बदनाम आहेत. आपल्याकडे नेहमीचा प्रकार वेगळा: पैसा हाताळलेला हात मूल डोळ्याला लावतं, किंवा झोपेत उशीवर आलेला पैसा चेहऱ्याखाली दबतो.

असं झालं तर पहिलं काम पाणी. नळाची बारीक धार किंवा तांब्याने स्वच्छ पाणी, पापणी उघडी धरून, पंधरा-वीस मिनिटं. मूल आकांत करेल, करू दे. दोन मिनिटांत थांबू नका. त्यानंतर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. आपल्या गावांत डोळ्यात काही गेलं की मध, दूध, एरंडेल, कुणाचं तरी उरलेलं थेंबांचं औषध असं सगळं घालून बघतात. यातलं काहीही घालू नका. उरलेल्या थेंबांत स्टेरॉइड असेल आणि आत जखम असेल, तर बरी होणारी गोष्ट बिघडते. वेळेवर धुतलेला आणि डॉक्टरांनी पाहिलेला डोळा बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. दृष्टी गमावायची वेळ येते ती दुर्लक्षाने, जखमेत जंतू शिरल्यावर.

म्हणजे मिस्टरही अर्धे बरोबरच. "काही होत नाही" हे हातापायापुरतं खरं, डोळ्यापुरतं नाही.

मात्र एका बाबतीत तुमच्या घरातल्या सगळ्यांनीच डोळस व्हायला हवं. पैसा आणि घोण यांत फरक करता आला पाहिजे. घोण म्हणजे मोठी गोम, चपटी, पिवळट किंवा तांबूस, अंगाच्या प्रत्येक भागाला पायांची एकच जोडी, पाय बाहेर फाकलेले, आणि चाल अशी की दिसली म्हणेपर्यंत नाहीशी. ती शिकारी आहे. तिच्या डोक्याखाली विषाचे आकडे असतात आणि ती चावते. चावल्यावर दोन बारीक भोकं दिसतात, प्रचंड ठणका लागतो, सूज येते. पैसा नळीसारखा गोल, कड्याकड्यांचा. अगदी पुढची कडी सोडली तर प्रत्येक कड्याला पायांच्या दोन जोड्या, आणि ते पाय लाटेसारखे मागून पुढे हलत जातात. घाई नावालाही नाही. मुलाला हे दोन्ही चित्रात दाखवून ठेवा. साडेतीन वर्षांच्या मुलाला "सगळ्या किड्यांना घाबर" असं शिकवणं सोपं, पण ते फार दिवस टिकत नाही. "गोल आणि सावकाश जातो तो पैसा, बघायचं पण धरायचं नाही. चपटी आणि पळते ती घोण, लगेच आईला हाक मारायची." एवढं त्याला कळेल.

आणि कोकणात खऱ्या काळजीचे प्राणी वेगळेच आहेत. ज्या पालापाचोळ्यात पैसा असतो त्यातच फुरसं असू शकतं, चिऱ्यांच्या फटीत लाल विंचू असू शकतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून कितीतरी जीव वाचवले, कारण त्याआधी या भागात विंचू चावून माणसं, त्यातही मुलं, खरोखर मरत होती. तेव्हा मुलाला काही चावल्याची खूण दिसली, ठणका आहे, घाम सुटलाय, हातपाय गार पडलेत, सूज वर चढतेय, तर "पैसाच असेल" म्हणून घरी बसू नका. पैसा चावत नसल्यामुळे चावल्याची खूण दिसली की तो पैसा नव्हता, एवढं पक्कं समजा.

त्यावरून आठवलं, तुम्ही लिहिलंय "वीतभर". वीत जरा घाबरलेल्या डोळ्यांनी मोजलेली असावी! आपल्याकडचे मोठे पैसे साधारण दहा-पंधरा सेंटिमीटर भरतात, क्वचित जास्त. पण रात्री दोन वाजता अंथरुणावर दिसला तर मलाही तो वीतभरच वाटेल.

हे घरात का येतात? तर तुमच्या घराशी त्यांचं काहीच काम नाही. पावसाने जमीन तुडुंब भिजली की त्यांच्या बिळांत, पाचोळ्याखाली पाणी साचतं, जीव घुसमटतो, आणि ते उंच, अंधारी, ओलसर जागा शोधत निघतात. न्हाणी, दगडी जोतं, पडवीतली जुनी पोती ही त्यांच्या लेखी जंगलच. घरात त्यांना खायला काही मिळत नाही, कोरड्या लादीवर अडकले तर एक-दोन दिवसांत सुकून मरतात. अंगातलं पाणी धरून ठेवणारा मेणाचा लेप कीटकांसारखा त्यांना नसतो, म्हणून ओल हीच त्यांची सगळ्यात मोठी गरज, आणि तुमच्या हातातलं सगळ्यात मोठं हत्यारही तेच.

घराच्या भिंतीला लागून पातेऱ्याचा, सोडणांचा, झावळ्यांचा ढीग असेल तर तो पाच-सहा हात लांब न्या. बागेतून काढून टाकू नका, नुसता भिंतीपासून दूर करा. न्हाणीच्या मोरीला बारीक जाळी बसवा. दारांच्या खालच्या फटीला रबराची पट्टी मारली की निम्मे पैसे कमी होतात, हा अगदी स्वस्त उपाय कुणी करत नाही. मुलाचं अंथरूण पावसाळाभर खाटेवर घाला, चादरीची टोकं जमिनीला लोळू देऊ नका. चपला, बूट, गमबूट पायात घालण्याआधी झटका, ही सवय फुरशासाठीही उपयोगी. घरात आलेला पैसा सुपलीत लोटा आणि बागेच्या टोकाला टाका. चिरडू नका. दयामाया म्हणून नव्हे, चिरडला की सगळा द्रव एकदम बाहेर येतो, लादीवर डाग पडतो आणि न्हाणीभर वास कोंडतो. मीठ, रॉकेल, चुना यांनीही हेच होतं. सप्टेंबर संपता संपता पावसाबरोबर तेही ओसरतील.

लहान, चपटे, पिवळ्या कडांचे पैसे शेकड्याने एकत्र जाताना दिसले तर ती वेगळी मंडळी. सह्याद्रीत पावसाळ्याच्या सुरुवातीला त्यांचे तांडे भिंतींवर, पायवाटांवर दिसतात. या चपट्या गटाच्या द्रवातून हायड्रोजन सायनाइड निघतं. नाव ऐकून दचकू नका. उघड्या हवेत त्याचं प्रमाण नगण्य असतं. फक्त मुलाने मूठभर गोळा करून बरणीत बंद केले आणि झाकण काढून हुंगले, असं होऊ देऊ नका.

आता तुमची बाग. माड आणि पोफळी यांना पैशाचा काडीचाही धोका नाही. तो खातो कुजलेलं पान, मऊ झालेलं लाकूड, बुरशी. कुरतडलेल्या पानाचा चुरा त्याच्या पोटातून बाहेर पडतो तो जिवाणूंना पचायला सोपा झालेला असतो, आणि पुढचं कुजणं भराभर होतं. मंगळूर विद्यापीठातल्या संशोधकांनी पश्चिम घाटातल्या आर्थ्रोस्फेरा या पैशांना बागायतीतला पालापाचोळा खाऊ घालून त्यांचं खत तपासलं आहे. तुमच्या बागेतही ते सापडतील: हात लावला की गोटीसारखे गोल होणारे, जाड, चकचकीत. त्यांना द्रवाच्या ग्रंथीच नसतात. मुलाला पैसा हातावर घ्यायचाच असेल तर हा घेऊ द्या, नंतर हात धुवायला लावा.

परसातली कोवळी रोपं हा मात्र वेगळा मामला. विदर्भ-मराठवाड्यात जून-जुलैत नुकतं उगवलेलं सोयाबीन, कपाशी पैसे रात्रीत कुरतडतात, तिकडे त्यांना वाणी म्हणतात, आणि तिथल्या शेतकऱ्याला "तो बिचारा पाचोळा खातो" असं सांगायला गेलात तर तो तुम्हाला बांधावरून हाकलेल. तुमच्या भाजीच्या वाफ्यात असं दिसलं तर संध्याकाळी वाफ्याच्या कडेला ओली गोणपाटं पसरा. सकाळी गोणपाट उचललं की खाली जमलेले सापडतात. हातमोजे घालून गोळा करा, आणि फारच झाले असतील तर साबणाच्या पाण्यात टाका. रोपं चार-सहा पानांची झाली की त्यांना फारसा धोका राहत नाही.

बागेत कधी काळ्या-निळ्या अंगाचे, लाल ठिपक्यांचे ढेकणासारखे किडे एखाद्या पैशाभोवती घोळका करून सोंडा खुपसून बसलेले दिसले तर त्यांना हात लावू नका. ते खास पैशांचीच शिकार करणारे किडे आहेत. तुमचं काम ते फुकटात करताहेत, पण त्यांची सोंड बोटात घुसली तर कळवळायला होतं.

राहिला भाचा. त्याला जो हवाय तो पूर्व आफ्रिकेतला आर्किस्पिरोस्ट्रेप्टस गिगास. तेहतीस सेंटिमीटरच्या पुढे जातो, पाच-सात वर्षं जगतो, स्वभावाने गरीब. परदेशांतल्या प्राणिसंग्रहालयांत तो मुलांच्या हातावर देतात, आणि नंतर सगळ्यांना हात धुवायला लावतात, कारण द्रव त्यालाही येतो. माणसाला त्याच्यापासून आहे तो धोका तुमच्या न्हाणीतल्या पैशाएवढाच. तरीही माझं उत्तर नाही असंच. परदेशी जिवंत किडा देशात आणायला परवाने लागतात, आणि ऑनलाइन विकणाऱ्याने ते घेतलेत की नाही हे भाचा कसं तपासणार? त्याहून मोठी भीती पुढची. मुलाला दोन महिन्यांत कंटाळा येतो, आई म्हणते बागेत सोडून दे. १८४७ मध्ये बेन्सन नावाच्या साहेबाने मॉरिशसहून आफ्रिकी गोगलगाय कलकत्त्याला आणली आणि बागेत सोडली. तिचे वंशज आज देशभर आहेत. २०२२ च्या खरिपात लातूर, बीडकडच्या शेतकऱ्यांना गोगलगायींनी खाल्लेलं सोयाबीन मोडून दुबार पेरणी करावी लागली. पैसा तसाच पसरेल असं मी म्हणत नाही. पण गोगलगाय पसरेल असं बेन्सनसाहेबालाही वाटलं नसणार.

भाच्याला मोठे पैसे बघायचेच असतील तर जुलैत तुमच्याकडे बोलवा. आणि त्याला दोन गोष्टी सांगा, पोरगं खूश होईल. एक, सगळ्यात जास्त पायांचा पैसा ऑस्ट्रेलियात जमिनीखाली साठ मीटरवर सापडला, २०२१ मध्ये त्याची नोंद झाली, पाय १,३०६. दुसरी, व्हेनेझुएलातली कॅपुचिन माकडं पावसाळ्यात पैसे शोधून अंगाला चोळतात, कारण त्याच बेन्झोक्विनोनांना डास टरकतात. हे ऐकून तो ते स्वतःवर करून बघायला निघेल, त्याआधी तुमच्या मुलाचा हात त्याला दाखवा.

ता. क. कोंबड्यांचं राहिलंच. कोंबडी बहुतेक वेळा एकदा चोच मारते, चव कळली की सोडून देते. एखादा खाल्लाच तर घाबरायचं कारण नाही. कुत्रा असेल तर तो पैसा तोंडात धरून फेसाळ लाळ गाळेल, कधी ओकेल. तोंड पाण्याने धुवा. डोळा चोळत असेल किंवा तासाभरात लाळ थांबली नाही तर गुरांच्या दवाखान्यात दाखवा.